गरिबांचा कैवार आणि गरिबांचे मत

यरुशलेमेतील पहिल्या मंडळीत सर्व वस्तू सामाईक होत्या व कोणास काही उणे नव्हते, हा भाग आपणांस फार प्रिय आहे, आणि त्यावर आपल्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत उपदेशही पुष्कळ होतात. परंतु त्याच प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायाच्या आरंभी जी कुरकुर नमूद झाली आहे, तिच्यावरून आपण घाईने पुढे जातो. मंडळी वाढत होती, रोजची वाटणी नेमाने चालली होती, वाटणारे देवभीरू होते. इतके असून ग्रीक भाषा बोलणाऱ्यांच्या विधवा वाटणीत मागे राहत. लूकाने ह्याबद्दल कोणावर लबाडीचा आरोप ठेविलेला नाही. त्या बायांना वगळावे असा ठराव कोणी केला नसावा. वाटणाऱ्यांच्या ओळखीच्या, त्यांच्याच बोलीच्या विधवा त्यांच्या डोळ्यांपुढे होत्या, आणि परक्या बोलीच्या डोळ्यांआड राहिल्या. एवढ्यानेच अन्याय घडला. प्रेषितांनी ‘आम्ही तुमच्या भल्याचेच करीत आहो, विश्वास ठेवा’ असे उत्तर दिले नाही. त्यांनी मंडळीस सात माणसे निवडावयास सांगितले. आणि स्तेफन, फिलिप्प आदिकरून त्या सातांची नावे वाचून पाहावी, ती सर्व ग्रीक नावे आहेत. म्हणजे ज्यांची कुरकुर होती त्यांच्याकडच्याच माणसांच्या हाती पंक्तीची व्यवस्था गेली.

ही हकीकत मनात ठेवून आम्ही आज एका प्रश्नाचा विचार करणार आहो. आपल्या मंडळ्यांतील तरुण तो वारंवार विचारितात, आणि त्यास ‘राजकारणाशी आपणांस काय करावयाचे आहे’ असे म्हणून वाटेस लावणे बरोबर नव्हे. प्रश्न असा की, जे पक्ष व पुढारी आपणांस पुरोगामी म्हणवितात, गरिबांच्या नावाने बोलतात, जोतिराव फुले, शाहू महाराज व डॉक्टर आंबेडकर ह्यांच्या तसबिरी व्यासपीठावर मांडितात, ते खरोखर सामान्य माणसाचे प्रतिनिधी आहेत काय? विषमता तर डोळ्यांसमोर आहे. 2022-23 ह्या वर्षासंबंधी विद्वानांनी जो हिशेब 2024 साली प्रसिद्ध केला, त्याप्रमाणे आपल्या देशातील एकंदर उत्पन्नापैकी 22.6 टक्के आणि एकंदर संपत्तीपैकी 40.1 टक्के वाटा वरच्या शंभरातील एका माणसाकडे आहे. इतकी वर्षे गरिबांचा कैवार घेणारे पुढारी झाले, सरकारे झाली, कायदे झाले. मग हे असे का?

हा प्रश्न एकट्या आपल्याच देशाचा आहे असे नाही. फ्रान्समधील तोमा पिकेटी नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने फ्रान्स, इंग्लंड व अमेरिका ह्या देशांतील 1948 पासूनच्या निवडणुकांचा अभ्यास करून 2018 साली दाखविले की, जे पक्ष एके काळी मजुरांचे होते ते हळूहळू पदवीधरांचे झाले. अशा पदवीधर डाव्यांस त्याने चक्क ‘ब्राह्मण’ हे नाव दिले. आपल्याकडच्या वाचकास ह्याचे हसू येईल. कारण आपल्या जिल्ह्यात सत्ता ज्यांच्या हाती गेली ते ब्राह्मण नव्हते, पदवीधरही पुष्कळदा नव्हते. आपल्याकडे ही गोष्ट निराळ्या वाटेने घडली, आणि ती वाट उसाच्या फडातून जाते.

आपल्या नगर जिल्ह्यास (2024 पासून ह्याचे नाव अहिल्यानगर) सहकाराचे माहेरघर म्हणतात, ते यथार्थ आहे. 1875 साली पुणे व नगर ह्या जिल्ह्यांतील गावोगावच्या कुणब्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली, त्या दंग्यांची चौकशी होऊन 1879 साली कर्जबाजारी शेतकऱ्यांच्या रक्षणाचा कायदा झाला. तरी सावकाराची मिठी काही सुटली नाही. पुढे 1926 साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले, प्रवरेच्या कालव्यांनी जमिनी भिजू लागल्या, आणि ऊस आला. परंतु साखरेचा नफा खासगी कंपन्यांच्या पदरी पडे. अशा वेळी लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील गावोगाव हिंडले, लहान लहान शेतकऱ्यांचे भाग गोळा केले, आणि धनंजयराव गाडगीळ ह्यांच्यासारखा विद्वान अर्थशास्त्रज्ञ अध्यक्षपदी बसवून सहकारी साखर कारखाना उभारला. 1950-51 च्या हंगामात त्याचे पहिले गाळप झाले. ज्याच्या दाराशी सावकार बसत असे तोच शेतकरी कारखान्याचा भागीदार झाला. आणि भाग एक असो की दहा असोत, मत मात्र प्रत्येकास एकच. आज राज्यात सुमारे दोनशे कारखाने गाळप करितात, त्यांत निम्मे खासगी झाले आहेत, ही गोष्ट वेगळी. आरंभीचे ते काम पुरोगामी होते, थोर होते, आणि त्याची थट्टा करणाऱ्यांच्या पंक्तीस आम्ही बसणार नाही. शाळा, दवाखाने, रस्ते, दुधाचे संघ हे सर्व त्यातूनच निघाले, व त्यांचा लाभ आपल्या ख्रिस्ती लोकांनीही घेतला आहे.

परंतु मत कोणास होते? ज्याची जमीन होती व जो ऊस पिकवीत होता त्यास. ऊस तोडणारास नव्हते.

हा ऊस तोडणारा कोठून येतो हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. पुष्कळ वाचकांच्या घरातूनच तो जातो. पाथर्डी, शेवगाव, जामखेड ह्या कोरडवाहू तालुक्यांतून, आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातून, दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात व चैत्राच्या आगेमागे परततात. राज्यात अशा माणसांचा अंदाज दहा ते बारा लाखांचा करितात. पावसाळ्यात मुकादम उचल देतो. ती उचल फेडावयाची म्हणून नवराबायको मिळून ‘एक कोयता’ धरिला जातो. दोन जीव, परंतु हिशेबात एक कोयता. आणि एकटा माणूस असला तर ‘अर्धा कोयता’. माणसास हत्याराच्या नावाने मोजण्याची ही रीत इतकी अंगवळणी पडली आहे की त्यात काही चुकते आहे असे कोणास वाटत नाही. पहाटे फडात जावयाचे, तोडावयाचे, मोळ्या बांधावयाच्या, डोक्यावर वाहून गाडी भरावयाची, रात्री कोपीत येऊन भाकरी थापावयाची. एक दिवस आजारीपणात गेला तर खाडा पडतो, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. ह्या खाड्याच्या धाकाचा बायांच्या शरीरावर काय परिणाम होतो, ह्याची चौकशी डॉ. नीलम गोऱ्हे ह्यांच्या अध्यक्षतेखाली नेमिलेल्या सरकारी समितीने 2019 साली बीड जिल्ह्यात केली. 82,309 ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी 13,861 स्त्रियांची गर्भाशये शस्त्रक्रियेने काढून टाकलेली आढळली. हा आकडा वाचून आम्ही काही वेळ लेखणी खाली ठेविली.

आता कायद्याकडे पाहा. ऊस पिकविणाराच्या रक्षणास 1966 चा ऊस नियंत्रण आदेश आहे. त्यास रास्त व किफायतशीर भाव, ज्यास लोक एफआरपी म्हणतात, सरकार दर वर्षी ठरवून देते, आणि ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत पैसे मिळावेत असा नियम आहे. नियम मोडला जातो हे खरे. पण मोडला म्हणून ओरडावयास तरी तो आहे. तोडणाराचे नाव मात्र पुष्कळदा कारखान्याच्या कोणत्याच पटावर नसते. कारखान्याचा करार मुकादमाशी, मुकादमाचा तोंडी व्यवहार तोडणाराशी. त्याहून अवघड गोष्ट अशी की, तोडणी व वाहतुकीचा खर्च ऊसवाल्याच्या भावातून वजा होतो. म्हणजे तोडणाराची मजुरी रुपयाने वाढली तर तो रुपया एक एकर उसाच्या धन्याच्या खिशातून जावयाचा. तो एक एकरवालाही काही गबर नसतो. त्याच्याही डोक्यावर सोसायटीचे कर्ज असते व मुलीचे लग्न ठरलेले असते. येणेप्रमाणे दोन गरीब एकमेकांसमोर उभे केले जातात, आणि दोघांच्या नावाने बोलणारा पुढारी तिसराच असतो.

तोडणारांच्या नावाने बोलणारे कोणी झालेच नाहीत असे मात्र कोणी म्हणू नये. पाथर्डीचे बबनराव ढाकणे, परळीचे गोपीनाथ मुंडे हे ह्याच कोरडवाहू मुलखातून वर आले, त्यांनी तोडणारांची बाजू घेतली व दर वाढवून घेतले. मजुरीचा तंटा लवादाने मिटविण्याची वहिवाट पडली. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली. मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहांची योजना निघाली. हे सर्व चांगले आहे. तथापि ज्यांनी तोडणारांचे पुढारीपण केले त्यांनी पुढे स्वतःचे कारखानेही उभारिले, ढाकण्यांनी शेवगावाकडे बोधेगावास केदारेश्वर व मुंड्यांनी परळीकडे वैद्यनाथ. मागासलेल्या भागात कारखाना यावा ही इच्छा वाईट म्हणता येत नाही. पण मग मजुरी ठरविण्याच्या बैठकीत टेबलाच्या दोन्ही बाजूंस कारखानदारच बसू लागले, आणि ज्याच्या हातात कोयता आहे तो बाहेर बातमीची वाट पाहत राहिला.

20 नोव्हेंबर 2024 रोजी विधानसभेची निवडणूक झाली, आणि गाळपाचा हंगामही त्याच महिन्यात सुरू होत होता. मतदान आधी की तोड आधी, ह्याची त्या वेळी बरीच चर्चा झाली. फडावरून मतदानास आणण्यासाठी उमेदवार गाड्या पाठवितात, हे आपल्या भागात सर्वांस ठाऊक आहे. मत हवे असते तेव्हा गाडी येते. एरवी बाळंतीण बाईस दवाखान्यात न्यावयासदेखील ती मिळत नाही.

ह्यावरून काय समजावे? आपल्या लोकांत दोन प्रकारचे निष्कर्ष ऐकू येतात, आणि दोन्ही आम्हांस नापसंत आहेत. कोणी म्हणतो, सर्व पुढारी चोर, सर्व पक्ष सारखे, तेव्हा जो पैसे देईल त्यास मत द्यावे. असे बोलणारा आपला जन्मसिद्ध हक्क डाळीच्या वाटीवर विकणाऱ्या एसावाहून शहाणा नव्हे. दुसरा, आणि हा बहुधा आपल्याच मंडळीचा भाविक मनुष्य असतो, म्हणतो की गरीब नेहमीच राहावयाचे असे प्रभूनेच सांगितले आहे. प्रभूचे ते बोलणे अनुवादाच्या पंधराव्या अध्यायाची आठवण देणारे आहे, आणि त्या अध्यायात गरीब राहतील म्हणून हात मोकळा ठेवावा असे आहे, हात आखडावा असे नाही. शास्त्राचा अर्धा भाग वाचून उरलेला झाकणे ही जुनी युक्ती आहे, आणि ती सैतानास चांगली साधते.

आमचे मत असे आहे की, कैवार घेणे आणि प्रतिनिधी होणे ह्या दोन गोष्टी भिन्न आहेत, व आपल्याकडच्या पुरोगामी राजकारणाने पहिली केली आणि तिलाच दुसरी समजले. कैवार दयेने घेता येतो. राजवाड्यात वाढलेला मोशेही तो घेऊ शकतो. पण त्याने भांडणाऱ्या दोघा इब्र्यांना समजावू पाहिले तेव्हा त्यांतील एकाने त्यास विचारिले की तुला आमच्यावर अधिकारी कोणी नेमिले. आणि ह्या प्रश्नास मोशेजवळ त्या दिवशी उत्तर नव्हते. प्रतिनिधी तो, ज्यास पाठविणारे परत बोलावू शकतात, हिशेब विचारू शकतात, ‘हे आमचे म्हणणे नव्हे’ असे तोंडावर सांगू शकतात. जोतिराव फुल्यांनी 1883 च्या सुमारास शेतकऱ्याच्या दैन्यावर लिहिले तेव्हा त्यांच्या मनात शूद्र व अतिशूद्र असे दोघेही होते. पुढे त्यांच्या नावाने जी सत्ता आली तिच्यात ‘बहुजन’ ह्या शब्दाखाली दोघांची गणती झाली, पण संचालकांच्या खुर्चीवर बहुतकरून जमीनवालाच बसला. त्यास वाटले की मी आलो म्हणजे सगळे आले. ह्यात ढोंग असेलच असे नाही. पहिल्या मंडळीच्या वाटणीत जसे झाले तसेच येथे झाले. आपल्या डोळ्यांपुढे जो आहे तोच सामान्य माणूस, असे प्रत्येकास वाटते.

आणि हे लिहिताना प्रस्तुत लेखकास स्वतःकडे पाहणे भाग आहे. नहेम्याने यहूद्यांतील सावकारांवर रागावताना, आपण व आपले भाऊही पैसे व धान्य कर्जाऊ देत आहो, हे सर्वांसमक्ष कबूल केले होते.

ज्या अमेरिकन मिशनाने 1831 साली नगरास काम आरंभिले, त्याची रीत प्रत्येक सभासदास मत देण्याची होती. महार-मांगांना चावडीपुढे बसावयाचीही मुभा नव्हती त्या काळी मंडळीच्या सभेत त्यांचे हात मोजले जात. हा आपला वारसा आहे व आम्ही तो अभिमानाने सांगतो. पण आमच्या मंडळीची वार्षिक सभा अनेक वर्षांपासून नाताळानंतरच्या रविवारी भरते, कारण पुण्या-मुंबईस नोकरीस असलेली मंडळी तेव्हा गावी असतात, त्यांची देणगी मोठी असते, आणि हिशेब समजणारेही तेच असतात. त्या वेळी गावातील कोयत्यावर जाणारी नऊ घरे फडात असतात. दोन वर्षांपूर्वी अशाच एका सभेत, मी अध्यक्ष असता, असे ठरले की घरटी वर्गणी वाढवावी आणि जमलेल्या पैशांतून उपासना-मंदिरासमोर भिंत व फाटक बांधावे. ‘सर्वानुमते’ असे मी माझ्या हाताने लिहिले. त्याच महिन्यात तालुक्याच्या गावी ऊसतोड कामगारांच्या हक्कांसंबंधी एक सभा झाली, तीत मी भाषण केले होते. याकोबाच्या पत्रातील कापणी करणाऱ्यांच्या अडवून ठेविलेल्या मजुरीचा दाखला दिला होता, आणि टाळ्याही पडल्या होत्या.

चैत्रात टोळ्या परतल्या. एके सायंकाळी एक वृद्ध बाई, जिची सून व मुलगा एक कोयता आहेत व जी स्वतः त्यांची नातवंडे कोपीवर सांभाळावयास जाते, माझ्या ओट्यावर येऊन बसली. ती म्हणाली, “पाळकसाहेब, वर्गणी वाढली म्हणं.” मी म्हटले, “होय मावशी, सर्वांच्या मताने ठरले.” तेव्हा ती म्हणाली, “आमी तं फडात व्हतो. मंग आमचं मत कोन्ही दिलं?”

मी तिला सांगितले की, मंदिर सर्वांचे आहे, भिंतीने तुमचीही शोभा वाढेल, आणि तुमची अडचण असल्यास वर्गणी मी माफ करवीन. ह्या तीन वाक्यांपैकी तिसरे मला आज सर्वांत लज्जास्पद वाटते. तिने माफी मागितली नव्हती. ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली की भिंतीच्या पैशात शाळेची जुनी खोली नीट झाली असती; पोरांना गावात ठेवता आले असते, ती स्वतः त्यांना रांधून घालावयास राहिली असती, आणि थोरल्या नातीची चौथी बुडाली नसती. सरकारी वसतिगृह तालुक्याला आहे, पण सात वर्षांच्या पोरीला तेथे ठेवण्यास आईचे मन होत नाही. ही गोष्ट आमच्या सभेत कोणास सुचलीही नव्हती. सुचणार तरी कशी? ज्यास ती ठाऊक होती त्याची जागा रिकामी होती, आणि रिकाम्या जागेचे मत आम्ही आपल्याच मतात मिळविले.

यंदा सभा अक्षय्य तृतीयेनंतरच्या रविवारी भरविली. वडील व डीकन ह्यांच्या मंडळात कोयत्यावर जाणाऱ्या घरांतून दोघांची निवड त्या घरांनीच करावी असे ठरले. त्यांनी दोन बाया निवडल्या, त्यांत ती वृद्ध बाई आहे. त्या दोघींनी पहिल्याच बैठकीत मागील तीन वर्षांचा हिशेब मोठ्याने वाचून दाखविण्यास सांगितले, कारण त्यांना अक्षर येत नाही. वाचन दिवेलागणीपर्यंत चालले. पाळकाच्या प्रवासखर्चाच्या रकमेपाशी त्यांनी मला थांबविले व ती दोनदा वाचावयास लाविली; हे मला आवडले नाही, पण मी वाचिली. भिंत अर्धी झाली होती ती तशीच ठेवावयाची व शिल्लक खोलीकडे लावावयाची असा ठराव बहुमताने पास झाला. ‘सर्वानुमते’ असे ह्या वेळी लिहिता आले नाही, कारण चौघे विरुद्ध होते, आणि त्यांची नावेही नोंदविली आहेत.

पुण्याहून एका जुन्या कुटुंबाचे पत्र आले आहे. ऐन वैशाखात रजा मिळत नाही, म्हणून आमचे मत आता कोण देणार, असे त्यांनी विचारिले आहे, आणि देणगीसंबंधी काही लिहिलेले नाही. त्यांची तक्रार खोटी म्हणता येत नाही. खोलीवर पत्रे चढावयाचे आहेत, ते दसऱ्याच्या आत झाले पाहिजेत, कारण टोळ्या त्यानंतर निघतात. पत्र्यांस पैसे अजून कमी पडतात. आणि त्या पत्राचे उत्तर मला ह्या आठवड्यात लिहावयाचे आहे.